भोईवाडा ते दारूखाना, मागे चौदा फुटी होडी

सुदेशचा फोन आला तेव्हा मी क्लासच्या गाडीत होतो आणि स्टेअरिंगवर बसलेल्या बाई दादरच्या चौकात गाडी बंद पाडून पुढच्याला हॉर्न मारत होत्या. बंद स्वतःची गाडी, हॉर्न पुढच्याला. एकवीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. माणसांबद्दलची माझी सगळी मतं या बाजूच्या सीटवर बसून तयार झाली आहेत आणि ती फारशी चांगली नाहीत.

“भावोजी, रविवारी जीप मोकळी आहे का?” सुदेश म्हणाला. “बोट पाण्यात घालायची आहे.”

सुदेश माझा मेहुणा, म्हणजे वैशालीचा धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. मूळ मालवणकडचं घर, वडील गिरणीत होते, चाळीच्या जागी टॉवर झाला त्यात भोईवाड्यातच फ्लॅट मिळाला. असा माणूस सुखाने राहील की नाही? त्याने दोन उन्हाळे शिडाची होडी चालवायचा कोर्स केला आणि मग कायमचं गोव्याला निघालेल्या कुणाकडून चौदा फुटी फायबरची जुनी होडी ट्रेलरसकट विकत घेतली. तळाला तीन ठिकाणी तडे होते. ते त्याने स्वतः बुजवले, लॅबमधून सुटल्यावर, टॉवरच्या पार्किंगमध्ये बसून, कवळी घासतात त्याच कागदाने घासून. आठ महिने. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “पार्किंग की बंदर?” असा मेसेज पडला, तरी घासतोय.

मी हो म्हटलं. का, ते खरं सांगतो. मला हे फसताना बघायचं होतं.

या ब्लॉगवर मी आजवर स्पिती, कच्छ, कोरापुट असे दोन-दोन हजार किलोमीटरचे प्रवास लिहिले आहेत. हा सहा किलोमीटरचा आहे. तुमच्यापैकी कुणाला होडी ट्रेलरवरून समुद्रात उतरवून परत काढायची हौस असेल तर खालची माहिती कामाला येईल. हौस नसेल तर तुम्ही शहाणे आहात.

आधी जागेचं. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या या शहरात होडी समुद्रात घालायला जागा नाही. गिरगाव चौपाटीवर वाळूत जीपचं चाक रुतेल आणि भेळ खाणारं सगळं पब्लिक व्हिडिओ काढेल. दादरला पाण्याच्या आधी दगड लागतात. क्लबांचे छान उतार आहेत, पण मेंबर व्हायला तुमच्या आजोबांनी अर्ज केलेला असावा लागतो. सुदेशने शोधून काढलं ते दारूखान्यातलं एक लहान खासगी यार्ड. जुनी जहाजं मोडतात त्या भागात लाँच आणि मच्छिमारांच्या होड्या दुरुस्तीसाठी ओढून घ्यायला तिथे सिमेंटचा उतार आहे. एका दिवसाचे पाचशे रुपये. बंदराचा भाग असल्यामुळे होडीचे कागद आणि सगळ्यांची ओळखपत्रं आठवडाभर आधी द्यावी लागतात. सुदेशने ते सगळं वेळेत केलं होतं, हे मान्य.

दुसरं, भरतीचं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला ओहोटी लागली की समुद्र निघून जातो आणि मागे गुडघ्याएवढा काळा चिखल उरतो. त्यामुळे भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढाच तुमचा वेळ. आमच्या रविवारी भरती पावणेअकराला होती.

शनिवारी मी जीपला मागे हुक लावून घेतला. रे रोडच्या लोखंड बाजारात एका फॅब्रिकेटरने दोन तासांत काम केलं आणि दर दहा मिनिटांनी विचारलं, “होडी? कशाला?” मी म्हटलं, मलाही तेच विचारायचंय. ट्रेलरला स्वतःची नंबरप्लेट, मागचे दिवे, सिग्नल हे सगळं लागतं, कायद्याने लागतं, विसरू नका. डोलकाठी आडवी करून होडीवर बांधायची. ती मागे पाच फूट बाहेर येते, तिच्या टोकाला लाल फडकं. आम्ही वैशालीच्या जुन्या ब्लाऊजचा तुकडा लावला.

रविवारी सकाळी साडेसातला भोईवाड्यातून निघालो. नाक्यावर उसळपाव आणि चहा. सुदेशने फक्त चहा घेतला, त्याला खायला सुचत नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही त्याने दोन वेळा जेवण घेतलं होतं, मी बघितलंय. वैशाली डबा घेऊन आली होती, घावणे आणि चटणी, जणू आम्ही महाबळेश्वरला चाललोय.

“तू येणार आहेस?” मी विचारलं.

“मग? माझा भाऊ आहे. आणि तू एकटा गेलास तर त्याला उतारावरच रडवशील.”

ताशी वीसच्या वर जायचं नाही, हा नियम. वीसने लालबागमधून जाणं म्हणजे सगळ्या लालबागला मत द्यायला वेळ देणं. मसाल्याच्या गल्लीजवळ एक रिकामी टॅक्सी शेजारून चालत राहिली, ड्रायव्हर होडीकडे बघत, समोर न बघता. सिग्नलला एक स्कूटरवाला थांबला, त्याने काच खटखटवली.

“काका, गणपतीला अजून सात महिने आहेत.”

सुदेश हसला. मी हसलो नाही. चिंचपोकळीहून डावीकडे घोडपदेवला वळताना समोर एक ट्रक रस्त्यात आडवा घालून पत्रे उतरवत होते. वीस मिनिटं थांबलो. मागे ट्रेलर असला की वळण मोठं घ्यावं लागतं, ट्रेलर आतल्या बाजूने कापतो. मी त्या अरुंद वळणावरून, एका बाजूला हातगाडी आणि दुसऱ्या बाजूला नळावर लावलेली पिंपं, कशालाही न लावता गाडी काढली. “बघितलंस?” मी सुदेशला म्हटलं. “याला ड्रायव्हिंग म्हणतात.” हे वाक्य मी उगाच बोललो, हे पुढे कळेलच.

यार्डात सव्वानऊला पोचलो. मालक उरणला राहतो आणि तिथलं सगळं कुंदाताई बघतात. पन्नाशी उलटलेली बाई, साडी खोचलेली, पायात गमबूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, सुदेशने बुजवलेल्या तड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “काम बरं केलंय. कुणी केलं?”

“मीच,” सुदेश म्हणाला.

“तीन जागी फुटलेली होडी आहे ती,” मी म्हटलं.

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि परत एकदा तड्यावरून बोट फिरवलं.

उतरवायच्या आधी सपाट जागेवर डोलकाठी उभी करायची. वर विजेच्या तारा नाहीत ना ते आधी बघायचं, ॲल्युमिनियमची काठी तारेला लागली तर विषयच संपला. मग शीड, दोऱ्या, सुकाणू. याला पाऊण तास जातो. सुदेश एकेक गाठ मारून परत सोडून परत मारत होता. मी सावलीत उभा राहून सूचना करत होतो. शेवटी त्याने खिशातून अंगठ्याएवढं रबरी बूच काढून माझ्या हातात दिलं.

“भावोजी, एवढं मागे तळाच्या भोकाला लावा. घट्ट दाबून. मी शिडाचं बघतो.”

होडी जमिनीवर असताना पावसाचं पाणी आत साठू नये म्हणून मागच्या भिंतीत, अगदी तळाशी, एक भोक उघडं ठेवतात. पाण्यात घालायच्या आधी ते बंद करायचं, एवढंच ते काम. मी बूच घेतलं. तेवढ्यात कुंदाताईंनी शिट्टी मारली, “चला सर, मागं घ्या, पाणी वर आलंय!” मी म्हटलं, आधी गाडी लावू, बूच खाली गेल्यावर लावू. बूच पँटच्या खिशात टाकलं आणि जीपमध्ये बसलो.

आता ट्रेलर मागे घेण्याबद्दल. मी आजवर चार हजारांच्या वर लोकांना रिव्हर्स शिकवला आहे. ट्रेलर मात्र उलट वागतो. तुम्ही स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो, आणि तो उजवीकडे जातोय हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या वेळी ट्रेलर जीपला काटकोनात. दुसऱ्या वेळी उताराच्या बाजूच्या भिंतीपासून चार बोटं. तिसऱ्या वेळी मी पुढे घेतली तर होडीची डोलकाठी शेडच्या पत्र्याकडे झुकायला लागली आणि सुदेश ओरडला. शेजारच्या शेडमधले चार वेल्डर काम थांबवून बाहेर येऊन उभे राहिले.

“सर काय करतात?” कुंदाताईंनी वैशालीला विचारलं. मला ऐकू आलं.

“ड्रायव्हिंग स्कूल आहे त्यांचं,” वैशाली म्हणाली. माझ्या बायकोला कधी काय सांगू नये ते कळत नाही, किंवा फार चांगलं कळतं.

चौथ्या वेळेनंतर कुंदाताई खिडकीशी आल्या. “स्टेअरिंग वरनं धरू नका. खाली धरा, सहाच्या काट्यावर. आता हात उजवीकडं नेला की ट्रेलर उजवीकडं, डावीकडं नेला की डावीकडं. डोकं लावू नका. हळू.”

मी खाली धरलं. ट्रेलर सरळ उताराच्या मधोमध गेला. ही या संपूर्ण लेखातली सगळ्यात उपयोगाची माहिती आहे आणि ती माझी नाही.

अर्धा तास त्यात गेला होता. माझे कान गरम झाले होते आणि मला एकच हवं होतं, की हे सगळं लवकर संपावं. पाण्यात जायच्या आधी ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढली. चाकं जेमतेम बुडाली की गाडी थांबवायची, हँडब्रेक, गिअर टाकून ठेवायचा, चाकांमागे दगड. मग विंचचा, म्हणजे ट्रेलरवरच्या रहाटाचा, पट्टा हळूहळू सोडायचा आणि होडीला लावलेली दोरी कुणीतरी हातात धरून ठेवायची, नाहीतर होडी एकटीच निघते. दोरी वैशालीकडे होती. सुदेशने मागून रेटलं, होडी ट्रेलरवरून घसरली आणि पाण्यावर डुलायला लागली. इतकी हलकी की मीही बघत राहिलो. मग तोंड उघडलंच.

“कवळीसारखी ट्रेलरला घट्ट बसली नाही म्हणजे मिळवलं,” मी म्हटलं.

“मी पण जाते,” वैशाली म्हणाली.

“तुला पोहता येत नाही.”

“लाइफ जॅकेट आहे ना.”

“त्याच्या त्या ठिगळांवर विश्वास आहे तुझा?”

“तू इथे उभा राहून अजून तासभर बोलणार आहेस. त्यापेक्षा बुडलेली बरी.” तिने पदर खोचला, जॅकेटचे पट्टे आवळले, चप्पल माझ्या हातात दिली आणि डबा घेऊन चढली.

मी जीप आणि ट्रेलर वर काढला. कुंदाताईंनी काचेच्या ग्लासात चहा दिला. वारा जमिनीकडून होता, सुदेशने शीड वर ओढलं, ते दोनदा फडफडलं आणि भरलं. होडी मोडीत काढलेल्या एका जहाजाच्या गंजक्या बाजूने सरळ बाहेर गेली. लांब शिवडीच्या बाजूला खारफुटीच्या कडेने फ्लेमिंगो होते, गुलाबी रेघ ओढल्यासारखे. माझ्या मेहुण्याला हे येतं, असा विचार मनात आला. तो मला आवडला नाही.

वीसेक मिनिटांनी होडी वळली. मला वाटलं वाऱ्यासाठी वळवली. मग ती नीट येईना, एका बाजूला जड झाल्यासारखी, आणि पाण्यात जरा जास्तच खाली. वैशालीचा हात वर जायचा, खाली यायचा, वर जायचा. कुणाला टाटा करतेय, मी म्हटलं.

“पाणी उपसतात त्या,” कुंदाताई म्हणाल्या. “भरतंय.”

इथे मी जे वाटलं ते लिहितो, नाहीतर या लेखाला अर्थ नाही. पहिल्यांदा मला बरं वाटलं. ठिगळं सुटली, मी म्हणत होतो ते झालं. माझी बायको त्या होडीत आहे, तिला पोहता येत नाही, हे मला त्यानंतर आठवलं. फार नाही, एखादा क्षण नंतर. पण नंतर.

मी मोबाइल लावला. वैशालीची पर्स जीपमध्येच वाजली. वारा त्याच वेळी पडला आणि शीड लोंबायला लागलं. सुदेशने ते खाली घेतलं आणि वल्हं काढलं. एका वल्ह्याने, दोन्ही बाजूंना आलटून पालटून, पाण्याने भरलेली होडी तो ओढत होता आणि वैशाली डब्याने पाणी फेकत होती. घावण्यांच्या डब्याने. तिचं तोंड दिसायला लागलं तेव्हा मला कळलं की ती मोठ्याने काहीतरी मोजतेय. नंतर विचारलं तर म्हणाली, डबे मोजत होते, शंभर झाले की परत एकपासून.

साडेअकराला ते उताराशी आले. कुंदाताईंनी मला दोरी दिली. “जा पाण्यात. बघताय काय?”

कमरेपर्यंत गेलो. वैशाली माझ्या खांद्याला धरून उतरली. उतारावर गेली आणि मागे वळून भावाला जे बोलली ते मी बावीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भंगार आणलंस. आठ महिने भंगार घासत बसलास. मला मारलं असतंस आज. आईला काय सांगितलं असतंस? सुदेश होडीतच बसला होता, पाण्यात पोटरीपर्यंत, आणि मान हलवत होता. “ताई, सॉरी. ताई, खरंच सॉरी. पॅच सुटला असणार.”

मी होडी मागून धरून उभा होतो. हात तळाला लावला तर तळव्याला पाण्याची ओढ लागली. आत जाणारी. अंगठा सरळ त्या भोकात गेला.

खिशात हात घातला. बूच तिथेच होतं.

मी ते काढलं, पाण्याखाली हात घातला आणि भोकात दाबून बसवलं. घट्ट. कुणाला दिसू नये म्हणून खांदा वळवून. त्या वेळी मी काही ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगून बघितलंय. पण खांदा वळवला होता, आणि तो काही आपोआप वळत नाही.

परत काढण्याबद्दल थोडं, कारण काही वाचक त्यासाठीच आले असतील. भरलेली होडी ट्रेलरवर ओढू नका, तिचं वजन कुठल्या कुठे जातं. आधी उपसा. बादल्यांनी वीस मिनिटं उपसलं. सुदेश आत वाकून तड्यांच्या जागा चाचपत होता. “आता पाणी येत नाहीये,” तो म्हणाला. मग स्वतःशीच, “म्हणजे भार आला की उघडतोय. शिडाचा जोर आला की तळ वाकतो आणि पॅच उघडतो. वरून बरा दिसतो.” कवळीबद्दल बोलावं तसा तो बोलत होता, अगदी शांत. “असं असेल तर ती दुरुस्त होण्यासारखी नाही.”

मी ऐकत होतो. ज्या माणसाला कधी गप्प बसता आलं नाही, तो त्या दिवशी नेमका गप्प बसला.

तोपर्यंत पाणी उतरायला लागलं होतं. ट्रेलर खोल न्यावा लागला, मी स्टेअरिंग खाली धरून मागे घेत होतो आणि उजवं चाक सिमेंटच्या टोकावरून खाली घसरलं. चिखलात, आसापर्यंत. उतार कुठे संपतो हे पाणी असताना दिसत नाही, म्हणून आधीच काठी उभी करून खूण करावी. आम्ही केली नव्हती. ते चार वेल्डर आले, फळ्या आल्या, जाड दोर आला. कुंदाताई शिट्टीच्या तालावर ओढायला लावत होत्या. पाऊण तास. सगळ्यांच्या अंगाला तो काळा चिखल, त्याचा वास तिसऱ्या दिवसापर्यंत जीपमध्ये होता. एकदाचा ट्रेलर वर आला, होडी विंचने त्याच्यावर चढली. वर आणल्यावर सुदेशने, रीत म्हणून, मागचं बूच काढलं. उरलेलं पाणी वाहून गेलं. त्याने बूच पुसलं आणि खिशात ठेवलं.

ट्रेलर गोड्या पाण्याने धुवायचा, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरायचं, नाहीतर खारं पाणी सहा महिन्यांत खाऊन टाकतं. मी ते करत होतो तेव्हा कुंदाताई पाइप धरून शेजारी उभ्या होत्या.

“बूच कधी लावलंत?” त्या म्हणाल्या. हळू आवाजात.

मी बेअरिंगमध्ये अजून ग्रीस भरलं.

“मी काय बोलणार नाय. घरचं तुमचं आहे.” त्यांनी पाइप माझ्या पायावर सोडला, चिखल धुतला जाईपर्यंत. “पोरगा आठ महिने घासत होता म्हणे.”

यार्ड सोडलं तेव्हा तीन वाजले होते. लालबागला एका गल्लीतल्या मालवणी खानावळीत थांबलो. होडीसकट ट्रेलर बाहेर लावायला जागा कशीबशी मिळाली. बांगडा थाळी दोन सुरमई एक, सोलकढी वेगळी. जेवण उत्तम आहे, जरूर जा. वैशालीचे केस खाऱ्या पाण्याने कडक झाले होते. सुदेशने एक घास खाल्ला आणि फोन काढला.

“कुर्ल्याला एक जण फायबरचं भंगार घेतो,” तो म्हणाला. “ट्रेलरचे पैसे येतील. डोलकाठी ॲल्युमिनियमची आहे, तिचेही.” तो होडीचे फोटो निवडत होता. उतारावर पाण्यात जायच्या आधी काढलेले, शीड वर असलेले.

मला हवं होतं ते सगळं झालं होतं. मी काही न बोलता बांगडा खाल्ला असता तर चार वाजेपर्यंत होडीचा विषय संपला असता, आणि पुढची वीस वर्षं दर दिवाळीला मी तो काढला असता.

“सुदेश, फोटो पाठवू नको,” मी म्हटलं. “बूच लावलं नव्हतं. माझ्या खिशात राहिलं. तुम्ही आलात तेव्हा पाण्यात उभा राहून लावलं.”

त्याने फोनमधून मान वर केली. मी तयारीत होतो. तो ओरडला असता, ताट लोटलं असतं, मला चाललं असतं. मी त्याच्या जागी असतो तर खानावळ डोक्यावर घेतली असती.

“म्हणजे पॅच सुटला नाही?” तो म्हणाला.

“नाही.”

“एकही?”

“तिन्ही ठीक आहेत.”

त्याने फोन उलटा ठेवला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग तो उठला, जेवण तसंच टाकून बाहेर गेला आणि खिडकीतून आम्हाला दिसत होतं, तो ट्रेलरखाली उताणा झोपला होता, भर लालबागमध्ये, आणि मोबाइलचा टॉर्च लावून होडीचा तळ बघत होता. लोक ओलांडून जात होते.

वैशाली जेवत होती. भात संपवला, सोलकढी संपवली. मग विचारलं, “तुला कधी कळलं?”

“तू उतरलीस तेव्हा. साडेअकराला.”

तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चारला पाच कमी होते.

“मी त्याला भंगार म्हटलं,” ती म्हणाली. “तुझ्यासमोर म्हटलं. आणि तू ऐकत राहिलास.”

बूच विसरलं याबद्दल ती आजवर एक शब्दही बोललेली नाही. परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर बसली, भावाशेजारी.

होडी भोईवाड्यात तिच्या जागेवर गेली. घरी येऊन मी हिशेब मांडला, नेहमी मांडतो तसा, म्हणजे प्रवासातून काय राहिलं याचा. स्टेअरिंग खाली धरायचं राहिलं. ते मी आता क्लासमध्येही शिकवतो, ट्रेलर नसला तरी, आणि कुणाकडून शिकलो तेही सांगतो. फ्लेमिंगो राहिले. आणि तो क्षण राहिला, उतारावर चहाचा ग्लास हातात धरून मला बरं वाटलं तो. तो जायला हवा होता, जात नाही. मी आयुष्यभर लोकांच्या चुका बाजूच्या सीटवरून बघितल्या. बाजूच्या सीटला स्वतःचा ब्रेक असतो, तुम्हाला कधी काही होत नाही. त्या दिवशी चूक माझी होती आणि बाजूच्या सीटवर वैशाली होती, ब्रेकशिवाय.

सुदेशने मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. आठवड्याने त्याचा फोन आला, पण वैशालीला. मग परत एकदा, वैशालीला. तिसऱ्या रविवारी ती सकाळी सहाला उठून घावणे करत होती आणि ती डबा भरत असताना मी दारात उभा होतो. जीपची किल्ली तिने आधीच काढून टेबलावर ठेवली होती. गाडी कोण चालवणार हे मी विचारलं नाही. सुदेशला जीप चालवता येते, मीच शिकवली आहे, आणि तेव्हा मी त्याला काय काय बोललो होतो ते मला सगळं आठवत होतं.

तिने डबा बंद केला, ओढणी बांधली आणि किल्ली माझ्याकडे सरकवली.

“यायचं तर ये,” ती म्हणाली. “तोंड तेवढं घरी ठेव.”

मी गेलो. सकाळी साडेसातपासून दुपारी दोनपर्यंत जीप चालवली, बूच स्वतः लावून सुदेशला दाखवलं, दोरी धरली, चाक धुतलं. एकही शब्द बोललो नाही. कुंदाताईंनी वैशालीला विचारलं, सरांची तब्येत बरी आहे ना. तेव्हा जे जे बोलायचं राहिलं, ते इथे लिहिलं आहे.